दम कुणाचा आणि जादू कुणाची?

१

‘फ्लेवर इज फ्री’ हे ब्रीदवाक्य ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षे फार प्रिय आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की नियम तेवढे खरे. वर्णन म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. ती ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे घ्यावी, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वाक्य उदार आहे, आणि ते उच्चारणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. नव्या खेळाडूला त्याने धीर येतो. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनी ते जसेच्या तसे स्वीकारावे असे आम्हांला वाटत नाही. वर्णन फुकट नसते. विशेषतः जिथे माणूस शस्त्राविना, नुसत्या देहाने लढतो आणि नियमपुस्तक त्याचे लढणे ‘जादू’ ह्या सदरात टाकते, तिथे वर्णनाची किंमत कुणीतरी मोजत असते. ती कोण मोजतो हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यशापयशाची शंका असेल तिथे फासे टाकले जातात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. जे काही घडते ते वाक्यांतच घडते. म्हणजे हा एक मौखिक कथनप्रकार आहे, आणि त्याच्या पाठीशी शेकडो पानांची संहिता आहे. ‘मुलांचा खेळ’ म्हणून आपल्यापैकी अनेकजण त्याकडे पाठ फिरवतात. जी मुले आपल्या वर्गात कादंबरीवर दोन वाक्ये बोलत नाहीत, ती इथे सलग चार तास कथन करतात, एवढे तरी आपण लक्षात घ्यायला हरकत नसावी.

मध्यंतरी आमच्या काही विद्यार्थ्यांच्या अशा एका बैठकीला आम्ही जाऊन बसलो होतो. त्यांतल्या एकाचे पात्र ‘मंक’ होते, म्हणजे शस्त्राविना लढणारा मठवासी योद्धा. पुलावरच्या पहारेकऱ्याशी त्याची गाठ पडली. मुलाने सांगितले, “एक की पॉइंट, फ्लरी ऑफ ब्लोज. मग स्टनिंग स्ट्राइक.” आणि फासा टाकला. सूत्रधार मुलगी चिकाटीची होती. तिने विचारले, “पण दिसतं कसं ते?” मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हाताभोवती निळा प्रकाश येतो.” थोड्या वेळाने त्याच लढाईत दुसऱ्या मुलाचा तलवारबाज, म्हणजे ‘फायटर’, घायाळ झाला. त्याने ‘सेकंड विंड’ नावाची आपली क्षमता वापरली. ती कशी दिसते हे त्याला कुणी विचारले नाही, तरी त्याने आपणहून सांगितले : तो ढालीवर रेलतो, तोंडातले रक्त थुंकतो, एक खोल श्वास घेतो आणि पुन्हा सरळ उभा राहतो.

एका पात्राला देह मिळाला आणि दुसऱ्याला दिवा. दोन्ही मुले सारख्याच कुवतीची होती. मग हा फरक कुठून आला? तो संहितेतून आला, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ब्लॅकमूर’ ह्या पुरवणीतून मंक त्यात दाखल झाला. हा काळ ध्यानात घ्यावा. ‘कुंग फू’ ही दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत १९७२ ते १९७५ अशी चालली. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ चा. एका कोरियन गुरूच्या हाताखाली तयार होणाऱ्या अमेरिकन नायकाची ‘द डिस्ट्रॉयर’ ही स्वस्त कादंबऱ्यांची मालिका १९७१ पासून निघत होती. युरोपीय मध्ययुगाच्या ढोबळ नकलेवर उभारलेल्या त्या जगात हा अनवाणी योद्धा शिरला तो कोणत्याही खऱ्या मठातून नव्हे, तर पडद्यावरून आणि पुस्तकांच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवरून. आमचा आक्षेप ह्या उगमाला नाही. लोकप्रिय वाङ्मय लोकप्रिय वाङ्मयातूनच जन्मते.

शिवाय त्या आरंभीच्या मंकपाशी वर्णनाची चांगली जाण होती, हेही कबूल केले पाहिजे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये मंकाच्या पायऱ्यांना नावे होती. वरच्या पायऱ्यांवर उत्तर, पश्चिम, दक्षिण आणि पूर्व वाऱ्यांचे स्वामी, मग शिशिरापासून वसंतापर्यंत ऋतूंचे स्वामी, आणि सतराव्या, शेवटच्या पायरीवर फुलांचा महास्वामी. ह्या वरच्या जागा मोजक्याच; वर चढायचे तर त्या जागेवर आधीच बसलेल्याला निःशस्त्र द्वंद्वात हरवावे लागे. इथे वर्णन आणि नियम वेगळे काढताच येत नाहीत. ‘पूर्व वाऱ्याचा स्वामी’ ही नुसती पदवी नव्हे. ती उद्या कुणीतरी येऊन हिसकावणार आहे, हे तिच्यातच गृहीत आहे. एक वाक्यही न लिहिता ह्या नियमाने एक कथा मांडून ठेवली होती.

पण त्याच खेळाचे दुसरे पुस्तक उघडले, की गोम दिसते. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये इतर पात्रांच्या शस्त्रहीन झटापटीचे नियम आहेत : ठोसे मारणे, पकड घेणे, अंगावर जाऊन लोळवणे. ते टक्केवारीने, बेरीज-वजाबाकीने आणि तक्त्यांनी गच्च भरलेले आहेत. खेळाडूंमध्ये ते किचकटपणाबद्दलच प्रसिद्ध आहेत. म्हणजे सामान्य, अर्थात पाश्चात्त्य साच्यातला माणूस मुठीने लढला तर त्याचा हिशेब मांडायचा आणि मंक मुठीने लढला तर त्याचे गूढ करायचे. एकाच्या हाताला स्नायू होते, दुसऱ्याच्या हाताला रहस्य. १९८५ साली मंकाची सोय ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ नावाच्या स्वतंत्र पुस्तकात झाली, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधून तो वगळला गेला आणि २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परत आला. घरात घ्यावा तर परका, बाहेर ठेवावा तर हवाहवासा, अशी त्याची स्थिती राहिली.

३

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंकाच्या बळाचे नाव ‘की’ असे होते. (मराठीत हे उभयान्वयी अव्यय असल्याने मेजावर जो गोंधळ होतो तो आम्ही ऐकलेला आहे.) ‘की’ हा चिनी ‘ची’ ह्या शब्दाचा जपानी उच्चार. त्याच्या अर्थाच्या मुळाशी श्वास, वाफ, हवा हे आहे. ह्या पुस्तकात ‘की’ म्हणजे विश्वभर पसरलेल्या जादूचाच, जिवंत शरीरांतून वाहणारा एक अंश होय, असे स्पष्ट सांगितले होते.

त्याच पुस्तकात फायटरला पहिल्याच पायरीवर मिळणारी क्षमता म्हणजे ‘सेकंड विंड’. हा इंग्रजी खेळाच्या मैदानावरचा शब्दप्रयोग. धावणाऱ्याला दम लागतो, मग कुठूनसा पुन्हा दम येतो, तो हा. म्हणजे ह्याही नावात श्वासच आहे. फायटरपाशी दमाचा एक मर्यादित साठा असतो, त्यातून तो जखमांचे बळ भरून काढतो. साठा वापरला की संपतो आणि छोट्या विश्रांतीनंतर परत येतो. मंकाचेही तसेच : साठा मर्यादित, वापरला की संपतो, छोट्या विश्रांतीनंतर परत येतो. फरक एवढाच, की मंकाला त्या विश्रांतीतली निदान ३० मिनिटे ध्यानात घालवावी लागत.

दोन माणसे आहेत. दोघेही श्वासाच्या बळावर देहाच्या मर्यादेपलीकडचे काहीतरी करतात. यंत्रणा जवळजवळ एकच. तरी एकाच्या श्वासाला ‘दम’ म्हटले आणि दुसऱ्याच्या श्वासाला ‘जादू’. तलवारबाज क्षणभरात स्वतःची जखम भरून काढतो, हे आश्चर्य नव्हे काय? परंतु त्याच्या आश्चर्याला संहिता आश्चर्य म्हणत नाही. बार्बेरियन नावाचा रानटी योद्धा संतापाच्या भरात वार अंगावर झेलतो आणि ते त्याला अर्धेच लागतात. हा संतापही मुळात जादू नव्हे. जादू ठरला तो फक्त अनवाणी, शांत, पूर्वेकडल्या माणसाचा श्वास.

ह्यातला अपमान सूक्ष्म आहे. वरवर पाहता हा गौरवच वाटतो. ‘तुमच्याकडे जादू आहे’ असे म्हटल्यावर कोण रागावेल? परंतु कौशल्याला जादू म्हटले की त्यामागची पंधरा वर्षांची मेहनत पुसली जाते. तालमीत पहाटे घाम गाळणाऱ्याला ‘ह्याच्या अंगात काहीतरी आहे’ असे म्हणणाऱ्याने त्याची स्तुती केली, की त्याचे श्रम नाकारले? श्रम ज्याचे त्याला कौशल्य आणि चमत्कार परक्याला, ही वाटणी वसाहतींच्या काळातल्या प्रवासवर्णनांपासून आपल्या परिचयाची आहे. ती फाशांच्या खेळात सापडली म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

४

ह्यावर ‘फ्लेवर इज फ्री’वाल्यांचे उत्तर ठरलेले असते. नियमात जादू म्हटले असेल तर असो, तुम्हांला हवे तर तुम्ही आपल्या मेजावर त्याला मेहनत म्हणा. वर्णन तुमचेच आहे. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते आम्ही खेळाच्या नियमांवरूनच दाखवू.

तिसऱ्या आवृत्तीने अद्भुत क्षमतांचे वर्ग पाडले होते. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ म्हणजे असामान्य, पण जादू नव्हे. ‘सुपरनॅचरल’ म्हणजे अतिनैसर्गिक, अतएव जादूच. जादू दाबून टाकणाऱ्या क्षेत्रात दुसरी बंद पडते, पहिली चालू राहते. आता २००३ च्या सुधारित आवृत्तीतला मंक पाहा. त्याच्या मुठीचा वार जादूच्या शस्त्रासारखा लागतो, ही क्षमता अतिनैसर्गिक. पण सतराव्या पायरीवर त्याला कोणत्याही जिवंत प्राण्याशी बोलता येऊ लागते. ‘टंग ऑफ द सन अँड मून’ असे त्या क्षमतेचे सुंदर नाव आहे, आणि ती मात्र केवळ असामान्य. म्हणजे माणसाने घुबडाशी संवाद साधला तर ते कौशल्य आणि ठोसा जोरात मारला तर ती जादू! वर्गीकरणाचा निकष कृतीच्या स्वरूपात नव्हता, तो शेपटीला जोडलेल्या दोन अक्षरांत होता.

पाचव्या आवृत्तीने ही अक्षरे काढून टाकली. मग एखादी क्षमता जादूची आहे की नाही हे कसे ठरवायचे? ‘सेज ॲडव्हाइस’ ह्या अधिकृत स्पष्टीकरणाने काही प्रश्न सुचवले. ती जादूची वस्तू आहे का? तो मंत्र आहे का, किंवा मंत्राच्या बळावर चालतो का? आणि शेवटचा प्रश्न : तिच्या वर्णनात ती जादूची असल्याचे म्हटले आहे का? ह्या शेवटच्या प्रश्नापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. वर्णन म्हणते म्हणून ती जादू. २०२४ च्या नव्या पुस्तकातली व्याख्याही ह्याच वळणाची आहे : मंत्रातून किंवा जादूच्या वस्तूतून आलेले, अथवा नियम ज्याला जादू असे नाव देतो ते. हा निखळ शब्दव्यवहार आहे. शब्द उच्चारला की वस्तुस्थिती बदलते, आणि मग कोणता राक्षस त्या वाराने मरेल आणि कोणता मरणार नाही हेही बदलते. वर्णन हे नियमाच्या अंगावरचे वस्त्र आहे असे समजणाऱ्यांनी हे पाहावे, की इथे वर्णन हाच नियमाचा सांगाडा आहे. जे फुकट म्हणून वाटले जात होते, त्याच्यावरच सारा हिशेब उभा होता.

५

दुसऱ्या टोकाला वर्णनाचे कैवारी आहेत. त्यांचीही गफलत नोंदवली पाहिजे. २००१ मध्ये आलेल्या ‘एग्झॉल्टेड’ ह्या खेळात खेळाडूने आपल्या कृतीचे वर्णन रंगवले तर त्याला बक्षीस म्हणून जादा फासे मिळतात : साध्या रंगतीला एक, अधिक बहारीला दोन, आणि सारे मेज थक्क झाले तर तीन. ‘वूशू’ नावाचा एक छोटा खेळ ह्याच्याही पुढे जातो. तिथे वर्णनातल्या प्रत्येक तपशिलाला एक फासा. शिवाय खेळाडूने जे सांगितले ते तसे घडलेच, असे तिथे धरले जाते.

ह्यामागचा हेतू आम्हांला पटतो. वर्णनाला काहीतरी मोल आहे, हे ह्या खेळांनी ओळखले. पण त्यांनी मोजण्याचे माप चुकीचे घेतले. तपशील मोजायला लागलात की तपशिलांची महागाई होते. खेळाडू हवेत तीन कोलांट्या घेतो, कंदील फोडतो, ठिणग्या उडवतो, झगा फडफडवतो. आणि एवढे झाल्यावर वार कुठे बसला हे सांगायचे राहून जाते. आपल्या परंपरेत क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्य’ ह्या एका कल्पनेने हा प्रश्न सोडवला होता. कंबरेचा दागिना गळ्यात घातला, तर तो दागिना असूनही हसे होते. अलंकारांची संख्या वाढवून रस वाढत नाही. निळा प्रकाश हा असा गळ्यात घातलेला कंबरपट्टा आहे. तो ॲनिमेशनपटांतून आणि संगणकीय खेळांतून आला. तिथे त्याला काम होते, कारण प्रेक्षकाला वार लागल्याचे डोळ्यांनी दाखवावे लागते. मेजाभोवती डोळ्यांना काही दिसतच नाही. जे माध्यम फक्त शब्दांचे आहे, तिथे दिव्याची उसनवारी कशाला?

६

मग वर्णन करावे तरी कसे? टीका करणाऱ्याने एवढे तरी सांगितले पाहिजे. आम्ही तीन नमुने पुढे ठेवतो.

पहिला नमुना अद्भुत बाहुयुद्धाच्या माहेरचा, म्हणजे चिनी वूशिया कादंबरीचा. जिन योंग ह्यांची ‘द लेजंड ऑफ द काँडोर हीरोज’ ही कादंबरी १९५७ ते १९५९ ह्या काळात हाँगकाँगमधल्या वृत्तपत्रातून क्रमशः आली. तिच्यात भिकाऱ्यांच्या टोळीचा प्रमुख होंग चीगोंग हा मंदबुद्धीच्या, पण कष्टाळू ग्वो जिंगला ड्रॅगनला नमवणाऱ्या अठरा तळव्यांची विद्या शिकवतो. त्यांतल्या पहिल्या फटक्याचे नाव ‘यि चिंग’ ह्या प्राचीन ग्रंथावरून घेतले आहे : फार उंच गेलेल्या ड्रॅगनला पस्तावा होतो, अशा आशयाचे. गुरू सांगतो की ह्या फटक्याचे मर्म उंच जाण्यात नाही, पस्ताव्यात आहे. जेवढे बळ बाहेर टाकायचे त्याच्या दुप्पट आत राखायचे. इथे नाव हीच शिकवण आहे आणि शिकवण हीच शरीराची हालचाल आहे. झाड मोडते, हे अद्भुत आहेच. पण वाचकाला ते पटते, कारण मोडण्याआधी त्याला हातातले राखलेले बळ जाणवलेले असते. दुसरे असे, की त्या जगात आंतरिक बळ नायकाला, खलाला, भिकाऱ्याला, संन्याशाला सर्वांना एकाच जातीचे असते. आश्चर्य सर्वांत वाटलेले आहे. तिथे दोन खातेवह्या नाहीत.

दुसरा नमुना आपल्या आखाड्यातला. कुस्तीच्या डावांची नावे आठवा : धोबीपछाड, मोळी, घिस्सा, ढाक. धोबीपछाड म्हटल्याबरोबर खांद्यावरून येणारे ओझे, वाकलेली पाठ आणि दगडावर आपटलेले धुणे ही सारी क्रिया एका शब्दात घडते. मोळी म्हटले की बांधला गेलेला माणूस दिसतो. ही नावे देणाऱ्यांनी अद्भुताची भाषा टाळली आणि रोजच्या श्रमाची भाषा घेतली. म्हणूनच ती तालमीत उपयोगी पडतात आणि गोष्टीतही. ह्याच्या शेजारी ‘फ्लरी ऑफ ब्लोज’, म्हणजे ठोशांचा भडिमार, हे नाव ठेवून पाहा. ठोसे किती ते कळते. पाय कुठे आहेत ते कळत नाही.

तिसरा नमुना लढाईचा नाही, तरी अद्भुत देहाच्या वर्णनाचा मराठीतला तो सर्वोच्च आदर्श म्हणून त्याचा उल्लेख टाळता येत नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन आपण वर्गात शिकवतो. त्यात देह तेजाळतो, हलका होतो, वाऱ्यावर चालू लागतो. पण ज्ञानदेव ह्या चमत्कारांपासून सुरुवात करीत नाहीत. ते सुरुवात करतात टाचेपासून : टाच कुठे दाबायची, कंबर कशी उचलली जाते, हनुवटी कुठे टेकते, पोट कसे आत ओढले जाते. देहाची एवढी बारीक बांधणी झाल्यानंतर मगच अद्भुत येते, आणि येते ते त्या बांधणीचे फळ म्हणून. प्रकाश तिथेही आहे. पण तो सर्वांत शेवटी आहे आणि त्याची किंमत आधी देहाने चुकती केलेली आहे.

ह्या तिन्ही नमुन्यांतून एक साधा क्रम निघतो. आधी पाय, मग श्वास, मग दुसऱ्याच्या देहावरचा परिणाम, आणि अगदी उरलाच तर प्रकाश. खेळाच्या सोयीसाठी त्यात एक गोष्ट जोडावी : फासा टाकण्याआधी प्रयत्न सांगावा, परिणाम फासा पडल्यावर. नाहीतर फासा वर्णनाला खोटे पाडतो आणि खेळाडू पुढच्या वेळी गप्प बसतो.

खुद्द ह्या खेळात अशा वर्णनाला जागा आहे, हेही सांगितले पाहिजे. मंकापाशी ‘क्विव्हरिंग पाम’ म्हणजे थरथरता तळवा ही क्षमता आहे. मंक शत्रूला स्पर्श करतो आणि त्याच्या देहात एक सूक्ष्म कंप सोडून देतो. शत्रू जिवंत राहतो, हिंडतो-फिरतो. मंक इच्छील त्या दिवशी तो कंप त्याचा प्राण घेतो. स्पर्श आणि मृत्यू ह्यांच्यामध्ये कित्येक दिवसांचा अवकाश जाऊ शकतो. कथनाच्या दृष्टीने ह्याहून समृद्ध कल्पना कोणती? देहात मरण घेऊन बाजारात भाव करणारा माणूस, आणि ते जाणणारा एकटाच दुसरा माणूस! पण आम्ही पाहिले आणि ऐकले त्यावरून बहुतेक खेळाडू सकाळच्या स्पर्शाचा निकाल पुढच्याच डावात लावून टाकतात, कारण नियमाने तसे करता येते. मधले दिवस कुणालाच नको असतात.

७

२०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ‘की’ हा शब्द काढला आणि त्याजागी ‘फोकस’ आणला. त्याआधी, २०२० मध्ये, प्रकाशकांनी आपल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीपृष्ठांवर त्यांतल्या वांशिक पूर्वग्रहांची कबुली देणारी सूचना लावली होती. नवे पुस्तक म्हणते की वेगवेगळे मंक ह्या शक्तीला श्वास, ऊर्जा, प्राण असे काहीही मानोत. हेतू सुधारणेचा आहे, त्याचे श्रेय आम्ही देतो. परंतु दोष ‘की’ ह्या शब्दात नव्हताच. दोष होता तो एकाच्याच श्वासाला वेगळी खातेवही ठेवण्यात. ती वही तशीच राहिली, वरचे नाव तेवढे खरवडले गेले. ‘की’ला निदान इतिहास होता, शोधणाऱ्याला तो श्वासापर्यंत नेत असे. ‘फोकस’ला काहीच नाही. एकाग्रता तर तिरंदाजालाही लागते आणि सुईत दोरा ओवणाऱ्यालाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील, ते माहीत आहेत. पहिला असा, की दिवसभर राबून आलेली माणसे संध्याकाळी घटकाभर खेळतात. त्यांच्यावर वर्णनाची सक्ती कशाला? सक्ती नकोच. दर वाराला वर्णन म्हणजे पुन्हा तीच महागाई. एका लढाईत एकदा, जिथे काही पणाला लागले असेल तिथे, एवढे पुरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जादू काढून घेतली तर अद्भुताची मजाच जाईल. आम्हांला अद्भुत काढायचे नाही. ते एकट्या मंकाच्या माथी मारू नये, एवढेच म्हणणे आहे. दोघांनाही विस्मय द्या किंवा दोघांनाही घाम द्या. शक्यतो दोन्ही द्या.

आणि इथे मराठीत खेळणाऱ्यांपाशी एक आयता शब्द आहे, जो इंग्रजीपाशी नाही : ‘दम’. फारसीतून आलेला हा शब्द मुळात श्वास. पण आपण दम धरतो, दम खातो, आपल्याला दम लागतो, पैलवानाचा दमसास वाखाणतो, आणि शत्रूला दमही देतो. श्वास, धीर, ताकद आणि धाक हे सगळे त्यात एकत्र नांदतात, आणि त्यातले काहीही जादू नसते, तरी पुरेसे अद्भुत असते. मंकाच्या आणि फायटरच्या दोन्ही साठ्यांना ‘दम’ म्हणावे, अशी सूचना आम्ही त्या मुलांना केली. सूत्रधार मुलीने ती लगेच उचलली.

पुढच्या बैठकीत त्याच मुलाच्या मंकासमोर पुन्हा एक चिलखत घातलेला पहारेकरी आला. मुलगा थोडा अडखळत म्हणाला, “एक दम. डावा पाय फळीवर रोवतो. तो ओरडायला श्वास आत घेईल ना, तेव्हा बरगड्या उघडतील. बोटं तिथं.” फासा वाईट पडला. सूत्रधाराने सांगितले, की पहारेकरी अर्धा वळला आणि बोटे चिलखताच्या कडीवर आपटली. लढाई पुढे सरकली, पूल ओलांडला गेला, किल्ल्यात प्रवेश झाला. त्यानंतर रात्री साडेअकरापर्यंत, दार उघडताना, दोरी धरताना, पाणी पिताना, तो मुलगा प्रत्येक वेळी न चुकता सांगत होता, की उजव्या हाताची दोन बोटे सुजली आहेत. निळा प्रकाश त्या रात्री एकदाही आला नाही.